नावाखालची रेघ

बत्तीस वर्षं मी कीटकशास्त्र विभागात टायपिस्ट होते.
लॅटिन नाव आलं की गाडा मागे सरकवायचा
आणि एकेका अक्षराखाली रेघ मारायची,
टक, टक, टक.
शास्त्रीय नाव उघडं सोडू नये,
असं गोतमारे सर म्हणत.
हजारो रेघा मारल्या असतील.
किडा एकही पाहिला नाही.
ते सगळे मधल्या दारापलीकडे,
टाचण्यांवर, डांबरगोळ्यांच्या वासात.

आता झिंगाबाई टाकळीच्या या घरी
तेच येतात भेटायला.
लिंबाच्या पानावर चिमणीची शिट दिसली,
पुसायला गेले तर चालू लागली.
जास्वंदीला कापूस फुटला, कापसाला पाय.
कण्हेरीखाली मिऱ्याएवढ्या लेंड्या,
वर तीन दिवस शोधत होते, पान न् पान,
चौथ्या दिवशी एका पानानं
निळे डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

गुळवेल कुंपणावर मीच चढवली,
तापाच्या साथीत, सगळे काढे पीत होते तेव्हा.
भादव्यात तिच्यावर एक काळपट अळी निघाली.
डोकं खाली खुपसलेलं, शेपूट वर,
कुशीवर दोन-दोन खोटे डोळे, वटारलेले.
निनावे भाऊ पलीकडून वाकले.
“साप आहे बाप्पा. पिल्लू.”
“सापाले पाय असतात का?”
“मंग नाव काय हिचं?”

एवढं सोपं विचारलं त्यांनी.
नावं माझ्या बोटांतून गेलेली,
आणि ही आता बोटाशी,
आणि दोघांची ओळख करून देणारं कोणी नाही.
निनावे आडनावाचा माणूस नाव विचारतो,
मला हसू आलं.
त्यांनाही आलं, जरा उशिरानं.

लोणच्याच्या बरणीत ठेवली तिला.
तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा, रोज ताजं पान.
पंखा बंद केला की रात्री
खाण्याचा आवाज यायचा.
मग एक दिवस तिनं दोन पानं ओढून शिवली
आणि आतून दार लावलं.

निनावे भाऊंच्या अंगणात एकच झाड, संत्र्याचं.
औंदा इतकं लागलं की बांबूचे टेकू दिले.
फळं मोजून पाटीवर खडूनं आकडा लिहिलाय:
एकशे चौदा.

तेराव्या रात्री बरणीत एक वाळकं पान होतं.
मी टाकलेलं नव्हतं.
शिरा होत्या, देठ होता, कुजका डागसुद्धा.
ओढणी सैल केली, पान थरथरलं
आणि खालचे पंख उघडले.
नारिंगी. पिकलेला, आतून आलेला नारिंगी,
त्यात काळा स्वल्पविराम.

मला नाही आठवलं, बोटांना आठवलं.
दरवर्षीचा अहवाल, चार प्रती, मध्ये कार्बन:
संत्र्यातील रस शोषणारा पतंग.
अळीचे खाद्य, गुळवेल व तत्सम वेली.
रात्री फळात सोंड खुपसतो.
छिद्र सुईएवढे. फळ गळते.
आणि वर ते नाव, दोन शब्द, पंधरा अक्षरं.

बरणी घेऊन कुंपणाशी उभी राहिले.
पलीकडे अंधारात एकशे चौदा.
ओढणी मी काढली की वाऱ्यानं सरकली,
हे मी स्वतःलाही नीट सांगत नाही.
तो आधी रस्त्याच्या दिव्याकडे गेला.
एवढंच पाहिलं.

आठ दिवसांनी निनावे भाऊंनी
कुंपणावरून एक संत्रं दिलं.
“गळलं. पन गोड आहे, खाऊन पाहा.”
पाटीवर एकशे तेरा.
“नाव समजलं का त्या सापाचं?”
“नाही ना,” मी म्हणाले.

फळाच्या खांद्यावर सुईचं भोक,
भोवती मऊ वर्तुळ, आंबूस वास.
तेवढा भाग काढून उरलेलं खाल्लं.
खरंच गोड होतं.
मग ओल्या बोटानं ओट्यावर रेघा मारल्या,
पंधरा, मध्ये एक जागा सोडून.
वर अक्षर एकही नव्हतं.
पंख्याखाली वाळून गेल्या.